गाडी कोण चालवत होतं

सौंसरच्या त्या शाळेत पूनमला बारा वर्षं झाली होती, आणि बारा वर्षांत प्राचार्यांनी तिला 'बसा' असं पहिल्यांदाच म्हटलं. एरवी बाईंनी टेबलापुढे उभं राहायचं, मान डोलवायची आणि वर्गावर जायचं, अशी तिथली रीत. त्यामुळे खुर्ची पुढे सरकली तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं.

अरविंद सर तसे वाईट नव्हते, घाबरट होते. समितीला घाबरायचे, पालकांना घाबरायचे, शिक्का असलेल्या कुठल्याही कागदाला तर फारच घाबरायचे. असाच एक कागद त्यांनी तिच्याकडे फिरवून ठेवला.

"मॅडम, थान्यातून तुमचं सत्यापन आलं. हे काय होय?"

शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाची, शिक्षकापासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत, दर तीन वर्षांनी पोलिसांकडून अशी पडताळणी व्हायची. इतकी वर्षं ते कागद छिंदवाड्याला जायचे आणि 'ठीक' असा शिक्का घेऊन परत यायचे. कोणी उघडून पाहत असेल असं वाटत नाही. पण आता पांढुर्णा जिल्हा झाला होता. तिथे कोण्या चिकाटीच्या माणसाने जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवली, आणि त्यात पूनमचं नाव निघालं. निष्काळजीपणे स्कूटी चालवून रामाकोन्याच्या दादारावांचा पाय मोडला. कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला. गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची.

"आन् फॉर्मात तुम्ही काय लिहिलं?" सरांनी दुसरा कागद काढला. "तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला काय? नाही. एकदा नाही मॅडम, तीनदा नाही."

पूनमने स्वतःचं अक्षर ओळखलं. खरं सांगायचं तर, ते 'नाही' लिहिताना आपण खोटं लिहितोय असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. जो गुन्हा आपण केलाच नाही, तो आपल्या नावावर आहे हे माणूस विसरून जातो. तीही विसरली होती.

त्या दिवशी स्कूटी तिचा दीर अक्षय चालवत होता. सोळा वर्षांचा होता, फोन कानाला होता, आणि बाजाराच्या वळणावर समोरून दादाराव सायकलवर येत होते. पूनम तेव्हा घरी भाकरी थापत होती. अक्षय धावत आला आणि दारातूनच ओरडला, "काही नाही झालं वहिनी, काही नाही झालं, म्हातारा उठून बसला." म्हातारा उठून बसला होता, पण उभा राहू शकत नव्हता. अक्षयकडे लायसन नव्हतं. स्कूटी पूनमच्या नावावर होती, लोधीखेड्याच्या माहेराहून मिळालेली, आणि लायसनही तिचंच होतं. मग सासूबाई केसरबाई रडल्या, नवरा हेमराज मान खाली घालून बसला, आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं. तू शिकलेली, मास्तरीण, तुला कोण काय करतं? पोराच्या आयुष्याचं मात्र वाटोळं होईल. एक सही तर आहे! लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. नव्या सुनेला घरात सगळं शिकवतात, नाही म्हणायला तेवढं कोणी शिकवत नाही. तिने सही केली.

"घाबरू नका," अरविंद सर म्हणाले. ते स्वतःच घाम पुसत होते. "मी समितीशी बोललो. उद्या चार वाजेपर्यंत लिहून द्या. गाडी मीच चालवत होती, अपघात झाला, फॉर्म भरताना ध्यानात राहिलं नाही, माफी असावी. टीचरले अपघाताच्या केसचं एवढं काही नसते. ड्रायव्हर असता त गोष्ट वेगळी होती. ड्रायव्हरवर अशी एक जरी केस निघाली, त त्याले एक दिवस ठेवता येत नाही. तो नियम लय कडक आहे."

एवढं बोलून सरांनी चहाचा घोट घेतला. आपण काय बोललो याचा त्यांना पत्ताच नव्हता. शाळेची तीन नंबरची बस, रामाकोना मार्ग, चाळीस मुलं. तिचा ड्रायव्हर अक्षय होता. तीन वर्षांपूर्वी त्याने अर्ज केला तेव्हा 'उमेदवाराला ओळखणारी व्यक्ती' या ओळीसमोर पूनमनेच सही केली होती. चाल-चलन उत्तम, असं तिच्या सुंदर अक्षरात तिथे अजून असेल.

संध्याकाळी चुलीपाशी बसून तिने घरात सगळं सांगितलं. केसरबाईंनी कांदा चिरता चिरता ऐकलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

"मंग लिहून टाक न माय! एवढी काहाले तोंड उतरवून बसली?"

"पण आई, ते खोटं आहे."

"नऊ वर्षं झाले त्याले, आता काय खोटं न काय खरं. उद्या हेमराज अक्षयसाठी पांढुर्ण्याले पोरीवाल्यांकडे जाऊन राहिला. शाळेच्या गाडीवर पोरगा पक्का आहे म्हणून त ते लोक तयार होऊन राहिले. आता तू काही उकरून काढू नको."

हेमराज पडत्या फळाची आज्ञा मिळाल्यासारखा म्हणाला, "बरोबर आहे. तुही नोकरी राहते, त्याची राहते. अजून काय पायजे?"

अक्षय खाली पाहून जेवत होता. पोरगा वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. पण पूनमला टायफॉइड झाला तेव्हा याच पोराने तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं, आठ दिवस तिच्या उशाशी बसला होता. दिराचा तिला लळा होता, हीच तर पंचाईत होती. ताट घेऊन उठताना तो हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्ही नसत्या त माहं काय झालं असतं?"

पूनमने माफीनामा लिहिला. एकही खाडाखोड न करता लिहिला आणि पर्समध्ये ठेवला. घरातले सगळे तिच्याशी इतकं गोड बोलत होते की तिला गुदमरल्यासारखं झालं. सगळी दारं बंद करून एकच उघडं ठेवलं होतं, आणि सगळे तिला त्यातून जा, जा म्हणत होते.

रोज ती हेमराजच्या मोटरसायकलवर शाळेत जायची. दुसऱ्या दिवशी हेमराज सकाळीच पांढुर्ण्याला निघाला, म्हणून ती रामाकोन्याच्या बसथांब्यावर आली. तिथे दादाराव नातीला घेऊन उभे होते. नात प्रियंका पूनमच्याच वर्गात होती, तिसरीत. दादाराव पूर्वी पूनमच्या सासरच्या बागेत संत्री तोडायला यायचे. पाय मोडल्यापासून आले नाहीत. डाव्या पायावर जोर पडू नये म्हणून काठी टेकून तिरपे उभे राहायचे. नऊ वर्षं पूनम त्यांना पाहून नमस्कार करायची आणि घाईघाईने पुढे जायची. आज पुढे जायला जागाच नव्हती.

तिने एकदम विचारून टाकलं, "आबा, त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं, ते तुम्ही पाहिलं होतं काय?"

दादारावांनी तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"पाहिलं होतं न. थान्यात सांगतलं बी, पोरगं होतं म्हणून. त साहेबानं तुमचा कागद दाखवला. म्हणे, मास्तरीण स्वतःहून लिहून देते, ते काय खोटं लिहीन काय? मंग मलेच वाटलं, पडता पडता आपली नजर चुकली असन. आपण अडाणी माणूस."

"मग अक्षयच्या गाडीत प्रियंकाला कसं काय पाठवता?"

"दुसरी गाडी कोठे आहे बाई? आन् तो लागला तेव्हा शाळेत विचारलं मी. त म्हणे, त्याच्या कागदावर पूनम मॅडमची सही आहे. म्हटलं, बाईनं सही केली त पोरगा चांगलाच असन."

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर तिने गिळला असता. म्हातारा खरंच तसं मानत होता, आणि ते ऐकून पूनमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बस आली.

ती ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली, प्रियंका पुढे दांड्याला धरून उभी राहिली. थांब्याथांब्यावर मुलं चढली, बस भरली, सौंसर जवळ आलं आणि अक्षयचा फोन वाजला. हेमराजचा होता. अक्षयने फोन उचलून खांद्यात धरला, हसत हसत बोलू लागला, मुलीकडच्यांसाठी मिठाई कोणती न्यायची यावर. पूनम म्हणाली, "अक्षय, फोन ठेव." त्याने मानेनेच 'हो हो' केलं. समोर संत्र्याचे कॅरेट भरलेली गाडी रस्त्यात थांबली होती. ब्रेक लागला. चाळीस पोरं एकदम पुढे आली आणि प्रियंकाचं कपाळ दांड्यावर आपटलं.

अक्षय मागे वळला. चेहरा पांढराफटक झाला होता.

"काही नाही झालं, काही नाही झालं!"

तेच शब्द होते, तोच आवाज. तो सोळाचा पंचविसाचा झाला होता, पण त्या वळणावरून पुढे आलाच नव्हता. कसा येणार? त्याला तिथून पुढे यायची वेळ पूनमने येऊच दिली नव्हती.

प्रियंकाच्या कपाळावर बोराएवढं टेंगूळ आलं. शाळेत पूनमने त्यावर थंड पाण्याची पट्टी ठेवली. पोरगी रडलीसुद्धा नाही. दिवसभर पूनमने तिसरीला पाढे घेतले, आणि दिवसभर तिचं लक्ष त्या टेंगळाकडे जात राहिलं.

चारला पाच मिनिटं असताना ती अरविंद सरांच्या खोलीत गेली. या वेळी ती न सांगता खुर्चीवर बसली. सरांनी कागद घेतला, हसरा चेहरा ठेवून वाचायला लागले, आणि तिसऱ्या ओळीला हसू गेलं. कागदावर लिहिलं होतं, की स्कूटी ती चालवत नव्हती, तिचा दीर अक्षय चालवत होता. ती कोर्टात खोटं बोलली. अक्षयच्या अर्जावर तिने केलेली सहीसुद्धा खोटीच समजावी. तो आज शाळेची तीन नंबरची बस चालवतो.

"मॅडम, हे काहाले? कालचं ठरलेलं द्या न."

"ते फाडलं सर."

"तुमची नोकरी जाईन. त्याची त जाईनच. कोर्टाचं लफडं वेगळं. आन् घरी काय तोंड दाखवान तुम्ही?"

"तेच विचार करून राहिली सकाळपासून. काही सुचत नाही," पूनम म्हणाली. "आवकचा शिक्का मारून द्या. आजची तारीख टाका."

सरांनी शिक्का हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. बाहेर सुट्टीची घंटा झाली. बसचा हॉर्न वाजला.

"पोरं गाडीत बसली मॅडम. आता मी दुसरा ड्रायव्हर कोठून आणू?"

खरं लिहून दिलं म्हणून जग थोडंच थांबतं? चाळीस मुलांना घरी तर जायचंच होतं, आणि न्यायला तोच होता.

"आज मी त्याच्या मागं बसते. उद्यापासून तुम्ही पहा. शिक्का मारा सर."

सरांनी शिक्का मारला.

बसमध्ये चढल्यावर पूनमने हात पुढे केला. "फोन दे."

"वहिनी, दादाचा फोन येणार आहे न, पांढुर्ण्याहून."

"दे म्हटलं."

तो हसला आणि फोन दिला. वर्गातल्या पोरांनी बाईंना चिंचा काढून द्याव्यात, तसा. पूनमने तो पर्समध्ये टाकला. "हळू चालव," एवढंच म्हणाली. वाटेत फोन दोनदा वाजला. पोरं खिदळली, अक्षय आरशातून तिच्याकडे आशेने पाहत राहिला, आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. एकेका थांब्यावर मुलं उतरत गेली. ती मोजत होती. शेवटी रामाकोन्याला प्रियंका तेवढी राहिली.

दादाराव काठी टेकून उभे होते. प्रियंका उतरली, त्यांनी तिचं कपाळ पाहिलं आणि बसच्या दाराशी आले. फोन पुन्हा वाजायला लागला.

"आता त द्या वहिनी," अक्षय म्हणाला. "सारे पोरं उतरले. होकार आला असन."

"अक्षय, गाडी बंद कर. चावी मले दे."

"काहाले?"

पूनमला वाटलं होतं की हे घरी सांगावं, बसून, समजावून. पण घरी गेल्यावर आपल्याला बोलू देणार नाहीत हे तिला ठाऊक होतं.

"मी आज शाळेत लिहून दिलं. त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं, ते. शिक्का मारून घेतला."

अक्षय तिच्याकडे पाहतच राहिला. त्याला राग आला नाही, निदान अजून आला नव्हता. आठ दिवस जो उशाशी बसला होता तोच चेहरा होता, आणि काय झालं हे त्याला हळूहळू कळत होतं. पूनमला ते पाहवेना. तिने मान वळवली, तर दारात दादाराव उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे बाई," ते म्हणाले, "माही नजर चुकली नव्हती."

"नाही आबा. नव्हती चुकली."

म्हाताऱ्याने मान हलवली, नातीचं दप्तर खांद्यावर घेतलं आणि लंगडत निघाला. पर्समध्ये फोन वाजतच होता. पूनम चावी मुठीत धरून खाली उतरली. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, केसरबाई ओसरीत वाट पाहत असणार होत्या, आणि तिला जायला दुसरं ठिकाण नव्हतं.