एक माणूस कमी

आईला इमारतीतले सगळे शिट्टीबाई म्हणत. तोंडावर नाही हो, एवढी छाती कुणाची! मागच्या वर्षी जमीन जराशी हलली, तेव्हापासून दर महिन्याला ती शिट्टी फुंकायची आणि पाचही मजल्यांची माणसं निमूटपणे खाली, गाड्या लावायच्या जागेत येऊन उभी राहायची. मग आई एकेकाला मोजायची. मोजणी जुळल्याशिवाय कुणी हलायचं नाही, हा तिचा कायदा.

थोरली लेक इमारतींचे आराखडे तपासायच्या कामात. ती आईच्या कानीकपाळी ओरडून थकली. "अगं, इथं खाली एक तरी भिंत आहे का? नुसत्या खांबांवर पाच मजले उभे आहेत. जोराचा धक्का बसला तर आधी हाच मजला चेपेल. समोरच्या मैदानात जमा ना!"

"मैदानात ऊन असतं. म्हातारी माणसं भोवळ येऊन पडली तर उचलणार कोण? तू?"

पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! खांब जाड करा, मध्ये भिंती घाला, हेही सांगून झालं. "मग गाड्या काय डोक्यावर ठेवायच्या?" म्हणून सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. शेवटी परवा जेवताना आई म्हणाली, "बरं बाई, पुढच्या खेपेपासून मैदानात. झालं समाधान?" थोरलीला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

पुढची खेप यायच्या आत धक्काच आला.

भर दुपारी. अंगात कणकण म्हणून थोरली घरीच होती. आईचा डोळा लागलेला, कशाला उठवा तिला, म्हणून न सांगताच ती मैदानापलीकडच्या दुकानात औषधाला गेली होती. जमीन हलली तशी ती मैदानात धावली आणि कशीबशी उभी राहिली. हलणं थांबलं. इमारत उभी होती, पण खालच्या एका खांबाचं सिमेंट गळून आतल्या सळ्या दिसत होत्या. आणि माणसं? शहाण्यासारखी, ओळीनं, नेमकी त्याच खांबांमध्ये! मैदानाचं बोलणं झालं होतं, पण पायांना सवय खालचीच.

"बाहेर या! अहो, बाहेर या!" ती घसा फुटेस्तोवर ओरडली. त्या कल्लोळात ऐकतो कोण! आईचा फोन लागेना. मग ती इमारतीकडे पळाली आणि हाताला लागेल त्याला दंड धरून मैदानाकडे ढकलायला लागली.

"अगं, मोजणी जुळायचीय अजून," एक आजोबा कुरकुरत बाहेर आले.

"चुलीत घाला ती मोजणी! आई कुठंय?"

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. "तू... तू इथं कशी? एक माणूस कमी भरलं गं. आम्ही म्हटलं, येईल. तर म्हणाली, पोरगी तापानं झोपलीय, तिला शिट्टी ऐकूच गेली नसेल. तुलाच आणायला वर गेलीय ती."

थोरली जिन्याकडे झेपावली, तेवढ्यात जमीन पुन्हा हलली. शेजारणींनी तिला कमरेला धरून मागं ओढलं. डोळ्यांसमोर तो उघडा खांब वाकत होता. वरून आईची हाक आली, "बाळा, ऊठ गं! कुठं आहेस?"

"मी इथंय, आई! मी खाली आहे!" ती जीव तोडून ओरडत होती, आणि वरची हाक तिला एकेका खोलीत शोधत फिरत होती.