आश्लेषेची सून

आश्लेषा नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासूच्या मुळावर येते, असं म्हणतात. म्हणून सुनंदाबाईंनी लेकीला आधीच सुचवून ठेवलं होतं, "जन्मवेळ तासभर पुढची सांगू. मघा लागतं. सगळेच करतात."

अक्षया कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. "सोयीचं रीडिंग मी पोरांच्या प्रयोगातही चालवून घेत नाही," ती म्हणाली. आणि सांगून आलेल्या स्वरूपला घेऊन त्याची आई, तुळसाकाकू, लग्नाचं पक्कं करायला पूर्णगडाहून आल्या तेव्हा तिने खरी वेळ सांगून टाकली.

सुनंदाबाईंनी कपाळाला हात लावला. स्वरूप खिडकीबाहेर बघू लागला. मोडलं बहुतेक, असं अक्षयाच्या मनात आलं. तिला स्वरूप आवडला होता.

"दिसतं का गो ते आकाशात?" काकूंनी विचारलं. "माझ्या मुळावर येणार, तर तोंडओळख तरी होऊ दे."

दिवेलागण होऊन गेल्यावर अक्षया त्यांना गच्चीवर घेऊन गेली. मिरकरवाडा बंदरातल्या दिव्यांनी पश्चिमेचं आकाश फिकट झालं होतं, पण डोक्यावर अंधार बरा होता.

"ते जोडीचे दोन पुनर्वसूचे. ती ठळक मघा. मधली रिकामी जागा म्हणजे कर्क रास."

"रिकामीच दिसते! खेकडा बिळात गेला वाटतं."

"तारे मंद आहेत. ही दुर्बीण घ्या."

काकूंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. मान दुखेपर्यंत शोधलं. "अगो बाय! मोहोळ फुटलंय की!"

"तो पुष्यातला तारकागुच्छ. आता जरा दक्षिणेला. पाच-सहा ताऱ्यांचं कडं दिसेल, सापाच्या फण्यासारखं. तीच आश्लेषा."

काकूंनी दुर्बीण तिकडे वळवली. "एवढीशी? हिला मी नाही भीत. गावाला भिते. उद्या मला साधा ताप आला तरी तुझं नाव घेतील. काय करशील?"

"डॉक्टरकडे नेईन."

"आणि गावाला?"

"ते मला नाही जमायचं, काकू," अक्षया म्हणाली.

"मला जमतं. सासू मी आहे, गाव नव्हे." मग त्यांनी जिन्याच्या दिशेने हाक मारली, "सुनंदाबाय, वैशाखातला मुहूर्त बघा. वेळ खरीच सांगा भटजींना."

जिन्यात थांबलेल्या सुनंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आता परत ते मोहोळ दाखव," काकू म्हणाल्या. "हात हलला माझा, हरवलं."