पाहुणीचं पाणी

वॉर्डातल्या नर्सा तिला 'पाहुणी' म्हणत. तीही नर्सच, पण फिरत्या कंत्राटावरची. दर तीन महिन्यांनी नवं गाव, नवं इस्पितळ, गळ्यात नवं ओळखपत्र. पायाला भिंगरीच होती म्हणा ना. अशा नोकरीत तब्येत सांभाळायचं तिचं शास्त्र मात्र पक्कं होतं. बॅगेत स्वतःची उशी, भाड्याच्या खोलीतल्या खिडकीसाठी जाड काळा पडदा, पायांना घट्ट मोजे. ड्युटी संपली की अर्धा तास चालणं, मग झोप, आणि त्या झोपेच्या आड येणाऱ्याची खैर नाही. फक्त एका बाबतीत बाईंनी सगळं शास्त्र गुंडाळून ठेवलं होतं. बारा तासांच्या ड्युटीत ती पाणीच पीत नसे.

पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं तर आपल्या सहा खाटा दहा मिनिटं कुणावर तरी सोपवाव्या लागतात. आणि कालपरवा आलेल्या माणसानं कुणाला काम सांगायचं कसं? ती तर सगळीकडेच कालपरवा आलेली असायची. त्यात स्वभाव असा, की जीव गेला तरी चालेल पण कुणाचे उपकार नकोत.

व्हायचं ते झालं. वर्षभरात दोनदा लघवीच्या संसर्गानं ताप भरला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "पुन्हा असंच झालं तर मूत्रपिंडावर जाईल. मग तुम्हाला या कामासाठी तंदुरुस्तीचा दाखला मी देणार नाही." दाखला नाही तर पुढचं गाव नाही. थोरल्या बहिणीला तर आनंदच झाला. "बरंच होईल. घरी ये आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बस इंजेक्शनं टोचत!"

तिला कोपऱ्यावरचा दवाखाना नको होता. हे फिरतं काम तिला मनापासून आवडायचं. म्हणून तिनं एक मोठी बाटली विकत घेतली. रोज ती भरून न्यायची आणि रोज भरलेलीच परत आणायची.

या नव्या वॉर्डात दीड महिना झाला होता. चौथ्या खाटेवर एक म्हातारे घड्याळजी आले, मूतखड्याचे. दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं, असा डॉक्टरांचा हुकूम. दुपारी पाहते तर नोंदीच्या कागदावर एकच पेला.

"आजोबा, हे काय?"

"प्यायलो की जावं लागतं, सिस्टर. मग तुम्हाला बोलवा, तुम्ही सलाइनसकट मला धरून न्या. आधीच तुमची पळापळ. कशाला उगाच त्रास?"

"त्रास कसला? आम्ही कशाला आहोत मग? घंटी वाजवायची. तोंड उघडल्याशिवाय कुणाला कळणार, तुम्हाला काय हवंय ते?" तिनं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

घड्याळजींनी टेबलाकडे बोट दाखवलं. उभा जन्म भिंगातून बारीक चाकं बघण्यात गेलेला माणूस तो. "सिस्टर, टेबलावरची ती बाटली तुमची ना? सकाळी सातपासून बघतोय, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. तुम्ही कुणाची घंटी वाजवता?"

तिला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग चक्क भीती वाटली. कालपासून पुन्हा थोडी जळजळ होत होती, आणि हे तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

समोरच्या खाटा सांभाळणारी चष्मेवाली नर्स इथली जुनी. पाहुणी तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. "माझ्या खाटा दहा मिनिटं बघशील? पाणी प्यायचंय, जाऊन यायचंय. आणि... लघवी तपासायलाही द्यावी लागेल बहुतेक."

"बोललीस एकदाची!" चष्मेवाली म्हणाली. "रोज चहाला हाक मारतो, तू आपली नुसती मान हलवतेस. आम्हाला वाटलं, मोठमोठी इस्पितळं पाहिलेली बाई, आमच्यात बसायला हिला कमीपणा वाटतो. जा, सावकाश जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. संसर्गाची नुसती सुरुवात होती, गोळ्यांवर निभावलं. दाखला शाबूत राहिला. पाहुणीला इतकं हलकं वाटलं, की चहाला ती स्वतःहून जाऊन बसली.

चहा संपवून उठताना चष्मेवाली म्हणाली, "आता माझंही एक काम कर. अकरा नंबरच्या त्या भारी पेशंटला कुशीवर वळवायला हात दे. माझी कंबर पार कामातून गेलीये."

"कधीपासून?"

"झाले की दोन महिने."

"आणि एकटीच वळवत होतीस त्याला? कुणाला सांगायचं नाही का?" पाहुणी कडाडली.

चष्मेवाली चष्म्यावरून तिच्याकडे नुसती बघत राहिली. आधी पाहुणीला हसू फुटलं, मग दोघींनाही आवरेना. अकरा नंबरपाशी पोचल्या तरी हसणं चालूच होतं.

"बायांनो," तो बिचारा म्हणाला, "हसून झालं असेल तर मला वळवता का? सकाळपासून सांगीन सांगीन म्हणतोय."