मी व्हिटॅमिन के आणि ओयदिनबाईंची टिकटिक

मी व्हिटॅमिन के बोलतोय. आम्हा भावंडांत सी आणि डी यांचा केवढा बोलबाला! माझं नाव काढलं की लोक डोकं खाजवतात. पण बोट कापून थोड्या वेळात रक्त थांबलं, तर त्यात माझा हात असतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळापाशी मी फार थोडा असतो, म्हणून डॉक्टर मला सुईने त्याच्या मांडीत सोडतात. हाडांनाही मी हातभार लावतो. असो, स्वतःची आरती पुरे.

माझा जन्म हिरव्या पानांत. उझबेकिस्तानातल्या मार्गिलान गावात थंडी सरून पाटाच्या कडेला पालक, पुदिना आणि रानपाला उगवला, की बायका सुऱ्या घेऊन धावतात. नवरोजला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, त्या पाल्याचे समोशासारखे सामसे तंदुरात भाजायचे आणि शेजाऱ्यांना वाटायचे. वर्षाचं पहिलं हिरवं खाल्लं की रक्त साफ होतं म्हणे.

ओयदिनबाई तिथल्या एका मोहल्ल्यातल्या सगळ्यांत मोठ्या. तीन वर्षांपूर्वी ताश्कंदला त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली. तिची टिकटिक शेजारी बसणाऱ्यालाही ऐकू येते. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून त्या रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. ती गोळी माझ्या कामात मोडता घालते, मी तिच्या. दोघांचं माप जुळलेलं असावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पालेभाजी खा, पण नेहमी सारखीच." ओयदिनबाईंनी पालेभाजी सोडूनच दिली. वर्षभर मांस, भात आणि नान. गोळीचं माप त्यावरच बसलं.

मग नवरोज आला आणि सात घरांतून सामसे आले.

"आई, डॉक्टरीणबाईंना विचारू या का आधी?" सून निगोरा म्हणाली.

"सणाचं ताट परत पाठवू? मग माझ्या मयतीला तरी येतील का शेजारणी?"

आठवडाभर त्यांनी सामशांवर ताव मारला. मी त्यांच्या अंगात लोंढ्याने शिरलो. रक्त गोठवायचं माझं काम, ते मी इमानाने करत राहिलो आणि गोळी कमी पडली.

दहाव्या दिवशी सकाळी निगोरा चहा ओतत होती. तिचा हात थांबला.

"आई, जरा गप्प बसा."

"सासूला गप्प बस म्हणतेस? काय दिवस आले गं बाई!"

"टिकटिक दबल्यासारखी येतेय." तिने सरळ सासूच्या छातीला कान लावला. "काल अंगण झाडतानाही धाप लागली होती तुम्हाला. उठा, शेजारची गाडी काढायला सांगते."

झडपेवर गुठळी धरली होती. ती विरघळवायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस निगोरा दवाखान्याच्या दारातून हलली नाही. माझी मला लाज वाटली.

आता ओयदिनबाई रोज मूठभर पाला खातात आणि दर महिन्याला रक्त तपासून गोळीचं माप ठरतं. यंदाही नवरोजला सात ताटं आली. त्यांनी प्रत्येक सामशाचा एकेक घास घेतला आणि उरलेलं सुनेपुढे सरकवलं. एकही शेजारीण रुसली नाही.

मला टाकू नका, माझ्यावर तुटूनही पडू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आहारात बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा. एवढंच माझं मागणं.

निगोरा अजूनही रोज सकाळी चहाआधी सासूच्या छातीला कान लावते.

"खुळे, किती दिवस ऐकशील?"

"तुम्ही ऐकवाल तितके दिवस."