वारं बाधलेलं इंजिन

रविवारी सकाळी बाजारतळावर एवढी झुंबड उडाली की मिरचीपूड विकणाऱ्या बायकासुद्धा गिऱ्हाईक सोडून टाचा उंचावून बघू लागल्या. मधोमध रादोयेची फिचा उभी होती. फिचा म्हणजे खोक्याएवढी जुनी मोटार, इंजिन पाठीमागे. आख्ख्या सर्बियात तिच्यावर जीव टाकणारे म्हातारे गल्लोगल्ली सापडतात. ही मात्र खोकत होती आणि काळा धूर ओकत होती.

व्हॅनमधून गावोगाव एअर फिल्टरचे डबे विकणाऱ्या इंजिनियर त्रिफुनसाहेबांनी इंजिनाला कान लावला, डोळे मिटले आणि निदान केलं.

"वारं बाधलंय."

गर्दी हळहळली. लोकांना लगेच पटलं. इथे भर ऑगस्टात घामाने निथळत असताना बसची खिडकी उघडायची कुणाची छाती नाही. दाढदुखीपासून सासूच्या रागापर्यंत सगळं समोरासमोरच्या खिडक्यांतून येणाऱ्या आडव्या वाऱ्यावर ढकलायचं, ही रीतच आहे. इंजिनालाही तो बाधणारच. रादोये तर एअर फिल्टरच्या डब्याचा खटका बारमाही हिवाळ्यावर ठेवायचा, म्हणजे इंजिनाला सायलेन्सरजवळची गरम हवा मिळावी.

"हवा दोन जातींची," त्रिफुनने सुरुवात केली. "सरळ आणि आडवी. आडवी माणसाची मान धरते आणि इंजिनाचा दम. माझ्या डब्यात हवा सात गिरक्या घेते, शहाणी होते, मगच आत जाते. पथ्य एकच. डबा उघडायचा नाही. सील तुटलं की वारं शिरलं. मग मला नाही, पाद्रीबाबांना बोलवा."

त्याने कारखान्याचा जुना डबा काढला, आपला चकचकीत डबा कार्ब्युरेटरवर बसवला आणि किल्ली फिरवली. फिचा घुमू लागली. धूर गेला. एका आजीने चक्क क्रूसाची खूण केली.

"माझ्या गाडीला ईस्टरपासून हाच आहे," गर्दीतला मिलिसाव म्हणाला. "घोडी झालीय नुसती." पण बोलताना तो कुणाकडे बघत नव्हता.

रादोयेची थोरली बहीण वुकोसावा हे सगळं पुढे उभी राहून बघत होती. एकतीस वर्षं तिने याच गावात पदार्थविज्ञान शिकवलं होतं. अर्धी गर्दी तिच्याच हातून नापास झालेली, तरी सगळे तिला बाई म्हणत. येत्या शनिवारी रादोयेच्या मुलीचं, दुन्याचं लग्न होतं. टेकडीवरच्या चर्चमध्ये तिला याच फिचातून न्यायचं होतं, जशी तिची आई तीस वर्षांपूर्वी नवरी होऊन गेली होती. आई आता नव्हती. रस्ता खाणीचा, धुळीचा, आणि मागच्या चाकांची धूळ थेट इंजिनावर. या इंजिनाचे सुटे भाग आता मिळत नाहीत. आतून घासलं गेलं की फिचा अंगणात कोंबड्यांना बसायला.

तेवढ्यात त्रिफुन जुना डबा आपल्या व्हॅनकडे नेताना तिला दिसला.

"साहेब, तो कुठे चाललाय?"

"विषारी आहे, बाई. नष्ट करणार."

"मग ब्लँकेटमध्ये का गुंडाळताय? त्याला थंडी वाजतेय?"

गर्दीत खसखस पिकली. रादोये मात्र वैतागला. "ताई, गप ना. कशी गातेय, ऐकू येत नाही?"

"येतंय. आता हा डबा काढ आणि नुसतीच चालू कर."

"उघडी? वाऱ्यात?"

"मिनिटभरच. न्यूमोनिया झाला तर सेवा मी करीन."

त्रिफुन हरकत घेईपर्यंत रादोयेने डबा काढलासुद्धा. बहिणीच्या त्या आवाजाला तो लहानपणापासून वचकून होता. किल्ली फिरली. फिचा तश्शीच घुमली.

"तेवढंच गातेय की," मागून कुणीतरी म्हणालं.

"गाणारच. जुन्या डब्यातला गाळणीचा कागद धुळीने तुंबला होता, वर खटका हिवाळ्यावर. तोंडावरची उशी काढली की कुणीही मोठ्याने श्वास घेतो. त्याला चमत्कार म्हणतात होय?"

"माझा डबा धूळही गाळतो," त्रिफुन ठसक्यात म्हणाला.

"सगळ्यांनी ऐकलंत ना? बरं झालं."

तिने शेजारच्या खानावळीतून व्हॅक्युम क्लीनर मागवला, त्रिफुनच्या डब्याच्या मागच्या तोंडावर आपला पांढरा रुमाल ताणला, त्यावर नळी लावली आणि पुढच्या तोंडाशी मूठभर मिरचीपूड धरली. क्लीनर सुरू झाला. काढला तेव्हा रुमाल लालभडक.

मग तिने ब्लँकेटमधला जुना डबा सोडवला आणि पिशवीतून नवा कागदी फिल्टर काढला. तो तिने सकाळीच साध्या दुकानातून आणला होता, जुन्याचा घेर आणि उंची फूटपट्टीने मोजून. रबरी कड सगळीकडून बसते ना, वर झाकण नीट लागतं ना, हे तिने दोनदा पाहिलं. पुन्हा नवा रुमाल, पुन्हा मूठभर पूड. या वेळी रुमाल पांढराच राहिला.

"मिरची दिसते म्हणून मिरची घेतली," ती म्हणाली. "खाणीची धूळ दिसत नाही, पण इंजिनाच्या पोटात ती वाळूच्या कागदासारखी फिरते. मिलिसाव, तुझ्या घोडीचा धूर निळा का येतो रे?"

"तेल पिते, बाई," मिलिसाव म्हणाला. "दोन महिने झाले."

"आणि तरी छान आहे म्हणून सांगत होतास?" रादोये ओरडला.

"माझ्याच शब्दावर अकरा जणांनी डबा घेतला. कुठल्या तोंडाने सांगू?"

त्याची सगळ्यांना कीव आली. रागही आला. त्याने पक्कड घेतली आणि स्वतःच्याच गाडीच्या डब्याचं सील तोडलं. आत गिरक्या नव्हत्या, जाळी नव्हती, कागद नव्हता. पाद्रीबाबा तीर्थ शिंपडतात त्या तुळशीची एक वाळकी काडी होती, बस्स.

व्हॅनमध्ये कारखान्याचे सदतीस जुने डबे निघाले, प्रत्येकावर जुन्या गाड्यांच्या कुठल्यातरी परदेशी शौकिनाचा पत्ता. दुर्मीळ अस्सल माल तिकडे जायचा आणि इथल्या गाड्यांवर रिकामे डबे बसायचे. पोलीस येईपर्यंत त्रिफुन एका खोक्यावर बसून होता, आणि एका आजीने त्याला बजावून सांगितलं की तिथे आडवा वारा येतो.

"एवढंच करा," वुकोसावा गर्दीला म्हणाली. "कुणी म्हणालं की हे उघडू नका, तर आधी तेच उघडा. त्याला पदवी लागत नाही. रुमाल पुरतो. आणि रादोये, खटका उन्हाळ्यावर कर. ऑगस्ट आहे."

शनिवारी फिचा दुन्याला घेऊन खाणीचा चढ एका दमात चढली. दुन्या पांढऱ्या पोशाखात शिजून निघाली होती. तिने आपल्या बाजूची काच खाली केली. रादोयेने सवयीने ओरडायला तोंड उघडलं, शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि मग आपलीही काच खाली केली. वारा या खिडकीतून त्या खिडकीत वाहू लागला. मागे बसलेल्या वुकोसावाचा हात आपसूक शालीकडे गेला आणि शाल मानेपर्यंत आली. ते तिच्या लक्षात आलं. तिने शाल काढली, घडी घातली आणि मांडीवर ठेवली.