पडद्यात न मावलेला पॉपअप

मी एक पॉपअप बोलतोय. हो, तोच. तुम्ही वेबसाइटवर काहीतरी वाचायला जाता आणि मध्येच टपकतो तो चौकोन. तुमच्या कपाळावर आत्ता पडलेली आठी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. तरीही ऐका, कारण ही गोष्ट एकट्या माझी नाही. ती एका लोखंडी चाकाची आहे आणि त्यासाठी भांडलेल्या दोन बायकांची आहे.

माझा जन्म शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात झाला. दुकान आत्याचं. खरं तर ती मला बनवणाऱ्या मुलीची आत्या, पण गिऱ्हाईकंही तिला आत्याच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दुकानात जमिनीपासून छतापर्यंत लाकडी ड्रॉवर, मशीनच्या तेलाचा वास, आणि गल्ल्याशेजारी एक भलामोठा कॉम्प्युटर. त्याच्यावर वेबसाइट दिवसभर उघडी असते, त्यामुळे दुकानातलं सगळं मला दिसतं आणि ऐकू येतं.

भाची दूर कुठेतरी यंत्रांचं शास्त्र शिकून परत आली होती. येताना डोक्यात एक वेड घेऊन आली. म्हणायची, "आत्या, पायानं चालणाऱ्या जुन्या मशीन अजून किती घरांत आहेत! एक चाक तडकलं की लोक अख्खी मशीन भंगारात देतात. वीज नको, काही नको, अशी मशीन! तिला एक चाक मिळू नये?"

"मिळतं की. आपल्याकडे मिळतं," आत्या म्हणायची.

"पण ते माहीत कुणाला आहे?"

म्हणून वेबसाइट झाली. भाचीनं ती स्वतःच, व्हिडिओ बघून बघून बनवली. कुणी इंटरनेटवर जुन्या मशीनचं चाक शोधलं, की दुकानाचं नाव पहिल्याच पानावर यायला लागलं. मागण्या येऊ लागल्या. आणि पाठोपाठ तक्रारीही! कारण दिसायला सगळी चाकं सारखीच, पण आतलं भोक प्रत्येक मशीनचं वेगळं. लोक चित्र बघून चाक मागवायचे आणि ते मशीनला बसायचं नाही. पार्सल परत.

आत्या वैतागली. "माझ्या दुकानाचा नियम काय आहे? आधी मशीन सांगा, मग भाग मागा. तुझ्या वेबसाइटला कुणी शिकवलं नाही का ते?"

तो नियम शिकवण्यासाठी मला जन्माला घातलं. माझ्या अंगावर लिहिलं होतं, "तुमची मशीन कोणती? फोटो पाठवा, योग्य भाग आम्ही सांगू." खाली फोटो पाठवायचं बटण आणि वर उजव्या कोपऱ्यात मला बंद करायची बारीकशी, नाजूक फुली. वेबसाइट उघडली रे उघडली की मी हजर. गल्ल्यावरच्या मोठ्या पडद्यावर मी काय शोभायचो! मधोमध मी आणि माझ्या चारी बाजूंनी दुकानाचं पान. भाचीनं मला चारदा उघडून पाहिलं, चारदा बंद केलं आणि खुशीत म्हणाली, "झकास!"

पण तिनं मला मोबाईलवर एकदाही पाहिलं नाही. तुम्ही म्हणाल, आजच्या काळात कुणी असं करतं का? या दुकानात करतात. दुकानात शिरलं की फोन गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा, हा तिथला दंडक. हाताला तेल असतं, समोर सुई असते. फोनवर बोलता बोलता आत्यानं एकदा बोटात सुई घालून घेतली होती, तेव्हापासून हे सुरू झालं. त्या ड्रॉवरमध्ये भाचीचा फोन दिवसभर पडून असायचा, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर आपल्याच दुकानाची वेबसाइट कोण उघडतं?

दुकानाबाहेर मात्र मी रोज मोबाईलवरच उघडत होतो. बसच्या रांगेत, स्वयंपाकघरातल्या ओट्याशी, दवाखान्याच्या बाकावर. आणि तिथे मी मावतच नव्हतो! मोठ्या पडद्याच्या मापानं शिवलेलं माझं अंग, चिमुकल्या पडद्यावर बसणार कसं? पान पूर्ण झाकलं जायचं आणि माझी फुली पडद्याच्या काठाबाहेर निघून जायची. समोरच्याला मला बंद तर करायचंय, पण कुठे दाबायचं तेच दिसत नाही.

माणसं अशा वेळी काय काय करतात! कुणी फोन हलवून बघतं, जणू मी आंब्यासारखा खाली पडणार आहे. कुणी दोन बोटांनी मला ताणतं. एक आजोबा तर पडद्यावर फुंकर मारत होते. बहुतेक जण मात्र एक सुस्कारा सोडून मागे जातात आणि दुसरं दुकान उघडतात. आणि हो, माझ्या अंगावर काय लिहिलंय ते एकानंही वाचलं नाही. अडवणाऱ्याचं बोलणं कोण ऐकतं?

आणखी एक पाहुणा अधूनमधून यायचा. शोधयंत्र. कुणी इंटरनेटवर काही शोधलं की कुठलं पान वर दाखवायचं आणि कुठलं खाली, ते हाच ठरवतो. हा मोबाईलच्या मापाचा चष्मा लावून फिरतो, कारण आजकाल बहुतेक लोक मोबाईलवरच शोधतात. त्यानं आमचं पान उघडलं आणि त्याला दिसलो मी. फक्त मी. ज्या चाकासाठी माणूस आला ते चाक माझ्या पाठीमागे. त्यानं आरडाओरडा केला नाही, चिठ्ठी सोडली नाही. गुपचूप आमचं पान खाली सरकवलं. पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. आणि तिसऱ्या पानापर्यंत जाण्याइतका धीर माणसाच्या अंगठ्यात नसतो.

चाकांची मागणी आटली. मग एके दिवशी ओतकामवाले भाऊ दुकानात आले. जुन्या मशीनचं ते चाक आता फक्त त्यांच्याच भट्टीत ओतलं जायचं.

"ताई, त्या चाकाचा साचा मोडायला घेतो म्हणतो," ते म्हणाले. "मागणी नाही, आणि साचे ठेवायची माझी फळी अडून बसलीय."

भाचीचा चेहराच उतरला. "काका, साचा मोडला की ते चाक जगात कुठेच मिळणार नाही. मग त्या सगळ्या मशीन भंगारात!"

"मग माणसं का मागवत नाहीत गं? तूच सांगत होतीस ना, घराघरांत मशीन आहेत म्हणून?"

आत्यानं पुढच्या ओतकामापर्यंत मुदत मागून घेतली.

उत्तर दुसऱ्याच आठवड्यात चालत आलं. एक शिवणकाम करणाऱ्या ताई, पदरानं घाम पुसत, तडकलेलं चाक पिशवीत घेऊन दारात उभ्या.

"दोन बस बदलून आले बाई! तुमचं ते मोबाईलवरचं दुकान उघडेचना."

"असं कसं? उघडं तर आहे," भाची म्हणाली.

"उघडं? हे बघा." ताईंनी फोन पुढे केला. "हा कोण मेला मध्येच उभा राहतो आणि हलायचं नाव घेत नाही."

तो मेला म्हणजे मी. भाचीनं पडद्यावर बोट फिरवलं, फुली शोधली, मिळाली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आणि हसू दोन्ही एकदम आलं. "अगं आई गं," ती पुटपुटली, "मीच दाराला कुलूप घालून बसलेय!"

ताईंना चाक मिळालं, चहा मिळाला. त्या गेल्या आणि दुकानात वादळ उठलं.

"काढूनच टाकते ह्याला!" भाची म्हणाली.

"खबरदार! परत चुकीची चाकं जाणार, परत पार्सलं येणार. माणसाला विचारल्याशिवाय भाग द्यायचा नाही. माझ्या दुकानाचा नियम आहे."

"अगं पण नियम पाळायला माणूस आत तर यायला हवा ना!"

दोघी तणतणत होत्या, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. भाची बघत राहिली. माणूस आत आला. आत्या काही बोलली नाही. तो इकडेतिकडे फिरला, काचेतले भाग पाहिले. आत्या सुया मोजत होती. मग त्यानं एका ड्रॉवरच्या मुठीला हात घातला, तशी आत्या मान वर न करता म्हणाली, "मशीन कोणती?"

गिऱ्हाईक गेल्यावर भाची जवळजवळ ओरडलीच. "आत्या, तू दारात कुठे विचारतेस?"

"दारात कोण विचारतं? माणूस पळून जाईल की."

"तू ड्रॉवरला हात लागला की विचारतेस!"

"मग? तेव्हाच विचारायचं असतं. तुला इतकी वर्षं काय दिसलं, माझं कपाळ?"

त्या दुपारी फोनच्या ड्रॉवरचा दंडक पहिल्यांदा मोडला. गल्ल्यावर फोन मांडले गेले: भाचीचा नवा, आत्याचा जुना, आणि शेजारच्या चहावाल्याकडून मागून आणलेला, काच तडकलेला. त्यांच्यावर मला नव्यानं घडवण्यात आलं. माझं सगळं अंग काढून घेतलं आणि तळाशी बसणारी एक पट्टी तेवढी ठेवली. फुली ठसठशीत झाली, आत्याच्या अंगठ्यानं तपासलेली. "ह्याला जमलं म्हणजे कुणालाही जमेल," असं म्हणत आत्यानं स्वतःच्याच जाडजूड अंगठ्याची थट्टा केली. कुठलं चाक कुठल्या मशीनला बसतं, ही माहिती माझ्याकडून काढून सरळ पानावर लिहिली, म्हणजे ती शोधयंत्रालाही दिसेल. आणि मी? मी आता पान उघडताच येत नाही. कुणी "हा भाग हवा" वर बोट ठेवलं की तळातून हळूच वर येतो आणि विचारतो, मशीन कोणती? फोटो पाठवता? कुणी मला बंद केलं, तर मुकाट्यानं जातो आणि पुढचे कितीतरी दिवस त्या घरी फिरकत नाही.

शोधयंत्राला मात्र घाई नसते. तो आला, बघून गेला, परत आला. भाची रोज सकाळी शोधून बघायची. तिसरं पान. तिसरंच पान. मग एकदा दुसरं. मग कितीतरी दिवस दुसऱ्यावरच मुक्काम. ओतकामाचा दिवस आला तेव्हा आम्ही नुकतेच पहिल्या पानाच्या तळाशी लोंबकळत होतो.

ओतकामवाले भाऊ आले. "काय ताई, ठेवू की मोडू?"

भाची मागण्यांचा हिशेब सांगायला लागली, पण आकडे अजून तोकडेच होते, तिच्या आवाजातूनच कळत होतं. आत्यानं तिला थांबवलं. "आकडे राहू दे गं. भाऊ, इकडे या. हे बघा."

तिनं माझ्याकडून आलेले फोटो उघडले. एक मशीन खिडकीखाली, वर दप्तर ठेवलेलं. एक अंगणात. एका मशीनवर मांजर पसरलेली, तिला न उठवताच फोटो काढलेला. प्रत्येक मशीनचं चाक तडकलेलं. भाऊ आधी उभ्यानंच बघत होते. मग त्यांनी स्टूल ओढलं.

"एवढी वर्षं ही चाकं ओततोय," ते म्हणाले, "पण ती जातात कुठे, ते कधी पाहिलंच नव्हतं." मग एका फोटोवर ते वाकले. "जरा मोठं करा हे."

चाकाच्या एका आऱ्यावर बारीकशी खोक होती.

"हे बाबांच्या हातचं आहे. त्यांच्या साच्याला पडली होती ही खोक. बाबा गेल्यावर मी नवा केला साचा." ते बोटानं पडद्यावरची खोक चाचपत राहिले. "म्हणजे हे एवढी वर्षं फिरत होतं!"

"आणि आता तडकलं," आत्या म्हणाली. "तुमच्याच घराण्याच्या चाकाची तक्रार आहे, भाऊ. भरून द्या."

भाऊ मोठ्यानं हसले. मग नाक ओढलं आणि उठले. "साचा राहू दे. फळीचं काय ते मी बघतो."



तर अशी माझी कथा. आता मी बोटभर उंचीचा आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. वेबसाइट बनवणाऱ्यांनो, एक विनंती. आम्हा पॉपअपांना माणसाच्या आणि त्याच्या कामाच्या मध्ये उभं करू नका. माणसाला आत येऊ द्या, बघू द्या, त्याची गरज त्याच्या हाताशी येऊ द्या. मग आम्ही विचारलेलं त्याला त्रासाचं वाटत नाही, मदतीचं वाटतं. आणि मला बनवल्यावर एकदा तरी स्वतःच्या फोनवर उघडून बघा हो, तुमच्या पाया पडतो.

येतो आता. कुणीतरी चाकावर बोट ठेवलंय.