हजेरीचं गाणं

एकवीस वर्षांनी आमच्या बँडचा अल्बम आला आणि तो भिकार आहे. बेस मीच वाजवलाय, म्हणून सांगतो.

आम्ही बहरीनमधल्या सित्र्याचे कामगार. पहाटे कंपनीच्या बसच्या दारात फोरमन नावं पुकारायचा, आम्ही 'हजर' म्हणायचो. त्याचंच आम्ही गाणं केलं. आमचा गायक रुपेश नावं ओरडायचा, गिटार करवतीसारखी चालायची, समोरची दोनशे माणसं 'हजर' म्हणायची. आमचा ड्रमर यादवराव टाकी साफ करताना गुदमरून मेला. मग रुपेश त्याचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचा, आणि कामगारांचा अख्खा कॅम्प त्याच्यासाठी 'हजर' म्हणायचा.

नव्या अल्बममध्ये ते गाणं आहे. नावं नाहीत. रुपेश आता सेफ्टी मॅनेजर झालाय. म्हणाला, "नाव घेतलं की कुठली कंपनी, कुठली टाकी, सगळं निघतं. माझा व्हिसा आहे, पोरांची शाळा आहे." नावांच्या जागी ओ ओ ओ घातलं. मी मान हलवली. व्हिसा मलाही आहे.

शुक्रवारी दुपारी मुहर्रकच्या एका हॉटेलात अल्बम ऐकवला. यादवरावची बायको, राधावहिनी, आल्या. त्या हिद्दला गोदामाच्या ऑफिसात आहेत. माझ्या शेजारी बसून त्यांनी मोबाईल स्पीकरकडे धरला.

"अनुष्काला पाठवायचंय. बाप गेला तेव्हा ती पोटात होती. त्याचं नाव असं सगळ्यांनी घेतलेलं तिनं कधी ऐकलंच नाही."

हजेरीचं गाणं आलं. घासूनपुसून गुळगुळीत केलेलं, मॉलमध्ये लावतात तसं. संपलंही.

"नाव कुठं आलं?"

"शेवटच्या गाण्यात आहे, वहिनी."

साफ खोटं. तोंडातून निघून गेलं.

पुढची पाच गाणी त्यांनी मोबाईल तसाच धरला. हात दुखला की हात बदलायच्या. शेवटचं गाणं संपलं, टाळ्या पडल्या, रुपेश हसत आला.

"काय वहिनी, कसं वाटलं?"

"ह्यांचं नाव कुठंय?"

रुपेशनं माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात.

"कंपनीनं दुसऱ्याच दिवशी हजेरीतून काढलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काढायला एवढी वर्षं कशाला लावलीत, भाऊजी?"

मोबाईल पर्समध्ये टाकून त्या निघून गेल्या. चहा तसाच.

रुपेशनं खिशातून मोबाईल काढला. मग म्हणाला, "यल्ला, चला, ग्रुप फोटो राहिलाय."

मी जाऊन उभा राहिलो.